दोन इम्प्लांट आणि आवाजाची दिशा : माझा अनुभव

उजव्या कानाला कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकण्याच्या नसेला थेट विजेचे इशारे देणारं, ऑपरेशनने बसवायचं यंत्र) बसवल्यावर बोलणं परत कळू लागलं, घरातलं मराठी आणि गल्लीतलं कन्नडही. दिशा मात्र कळत नव्हती. हाक कुठूनही येवो, ती उजव्या कानातच वाजायची आणि मी उजवीकडेच वळायचो. म्हणून डाव्या कानाचंही करून घ्यायचं ठरवलं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या आदिप योजनेतून इम्प्लांट मिळतं ते मुलांना. माझे पैसे घरच्यांनी जमवले.

ऑपरेशन सुरळीत झालं. स्विच-ऑननंतर, म्हणजे यंत्र पहिल्यांदा चालू केल्यावर, मात्र डाव्या कानात नुसती किरकिर. रोज थोडा वेळ उजवं मशीन (कानावर बाहेरून लावायचा भाग) काढून एकट्या डाव्या कानाने ऐकायचं, असं ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी सांगितलं होतं. कंटाळवाणं होतं, पण त्याशिवाय डावा कान तयार झाला नसता.

डाव्या बाजूने आलेला आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा पोचतो, फार तर ०.७ मिलिसेकंद. शिवाय मध्ये डोकं आडवं येत असल्यामुळे तो तिकडे थोडा लहान ऐकू येतो. चांगल्या कानाचा माणूस या दोन्हींवरून दिशा ओळखतो. माझी दोन मशीनं आपापल्या घड्याळावर चालतात, त्यामुळे वेळेतला तो बारीक फरक माझ्यापर्यंत नीट पोचत नाही. हाताशी उरतो तो मोठ्या-लहान आवाजातला फरक. म्हणून दोन्ही बाजू सारख्या लावून घेणं फार महत्त्वाचं. मॅडम एकच सूर आधी डावीकडे, मग उजवीकडे वाजवायच्या आणि विचारायच्या, "कुठला मोठा? आता मधोमध आला का?" त्या मॅपिंगनंतर (मशीनचे आवाज असे जुळवून घेण्याला मॅपिंग म्हणतात) पहिल्यांदा आवाज माझ्या डोक्याबाहेर, खोलीत कुठेतरी आहे असं वाटलं. त्या दिवसाचा आनंद मला शब्दांत मांडता येत नाही.

घरी सराव दादाने घेतला. मी डोळे मिटून बसायचो, तो फोन वाजवत फिरायचा. "कुठनं आला सांग गा आता?" डावं-उजवं लवकर जमलं. पुढे-मागे मात्र काही केल्या जमेना, कारण माईक कानाच्या वर बसतो आणि कानाच्या पाळीच्या घड्यांतून मिळणारी खूण त्याला मिळत नाही. त्यावर उपाय मान वळवण्याचा. मान किंचित डावीकडे वळवली आणि आवाज उजव्या कानात वाढला, तर तो समोर आहे; डाव्यात वाढला, तर मागे. आवाज चालू राहिला तरच हे जमतं. आमच्या बेळगावच्या नाथ पै सर्कलला एकदाच वाजून गेलेल्या हॉर्नचा काही पत्ता लागत नाही. रस्ता मी डोळ्यांनीच ओलांडतो, आणि दोन इम्प्लांट असलेल्या प्रत्येकाने तसंच करावं असं माझं ठाम मत आहे.

खरी परीक्षा वडगावातल्या आमच्या माग शेडमध्ये झाली. बाणा (कापडातला आडवा धागा) तुटला की माग थांबतो. कुठला थांबला हे बाबांना पाठमोरं उभं राहूनही कळतं. मला तिथे सगळंच मधोमध ऐकू यायचं. फार मोठा आवाज आला की मशीन तो आपणहून दाबतं, आणि दोन्ही मशीनं आपापल्या परीने दाबू लागली की बाजूंमधला फरकच उरत नाही. हे मॅडमना सांगितल्यावर त्यांनी शेडसाठी माईकची सेन्सिटिव्हिटी (आवाज टिपण्याची क्षमता) कमी केलेला वेगळा प्रोग्राम दिला. आता थांबलेला माग डावीकडचा की उजवीकडचा, एवढं कळतं. म्हणून मॅपिंगला जाताना आपण कुठे काम करतो, तिथे काय ऐकू येत नाही, हे लिहून न्यावं. क्लिनिकच्या शांत खोलीत त्यातलं काही दिसत नाही.

आणि बॅटऱ्या. एका बाजूची संपली तर बोलणं चालू राहतं, दिशा मात्र त्या क्षणी जाते. बाहेर पडताना मी दोन्ही बाजूंच्या चार्ज केलेल्या जादा बॅटऱ्या सोबत घेतो.