नाशिकचं स्टेशन नाशकात का नाही?

बाहेरगावचा पाहुणा यायचा असला की फोनवर हा प्रश्न ठरलेलाच, तिकिटावर नाशिक रोड आलंय, मला तर नाशिकला उतरायचंय, तिकीट चुकलं का? नाही हो चुकलं, तिथेच उतरा. नाशिक नावाचं वेगळं स्टेशनच नाहीये. (आमची एक मावशी घाईत देवळालीलाच उतरली होती, तेव्हापासून मी हे दोनदा सांगते.)

झालं असं की जीआयपी या जुन्या रेल्वे कंपनीची लाईन कसारा घाट चढून इगतपुरी, देवळाली करत मनमाडकडे निघून गेली आणि गोदाकाठचं गाव राहिलं आठ-नऊ किलोमीटर बाजूला. जिथून गावाचा रस्ता फुटतो त्या स्टेशनला रेल्वेवाले रोड म्हणायचे, म्हणून हे नाशिक रोड. मग पंचवटीला, त्र्यंबकला निघालेल्या यात्रेकरूंनी शहरात जायचं कसं, तर १८८९ मध्ये ट्राम सुरू झाली, चक्क घोड्यांची! स्टेशनपासून मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपर्यंत. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली, आणि आता शहरात जाताना द्वारका चौकाच्या सिग्नलला अडकले की मला हमखास ते घोडे आठवतात.

पण स्टेशन लांब पडलं म्हणूनच आमचं नाशिक रोड हे गाव झालं ना. १९२५ला इथे सरकारी छापखाना आला, स्टॅम्प वगैरे छापायला, पुढे नोटांचाही आला, प्रेसवाल्यांच्या कॉलन्या झाल्या, बाजार वाढला. महापालिका एकच आहे, तरी आम्ही इथल्या जेलरोड भागातली माणसं अजून "नाशकात जाऊन येते" असंच म्हणतो आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नाही.

स्टेशन खरं बघायचं तर सकाळी मुंबईला जाणाऱ्या पंचवटी एक्सप्रेसच्या वेळेला. १९७५ पासूनची गाडी, तिचे पासवाले प्लॅटफॉर्मवर आपापल्या डब्याच्या जागी आधीच उभे असतात, डबा कुठे लागणार हे त्यांना इंडिकेटर बघून कळत नाही, पायांनाच माहितीये. माझ्या वडिलांची जागा एका खांबापाशी होती. रिटायर झाल्यावरही मला सोडायला आले की ते त्याच खांबाला टेकायचे, माझा डबा पार दुसऱ्या टोकाला असला तरी.

तर उतरलात की बाहेर या, "शालिमार, शालिमार" ओरडणारा, शहरात नेणारा रिक्षावाला दिसेल. आधी चहा घ्यायला घरी या, जेलरोड त्याच्या वाटेत नाही.