गव्हाच्या चिकाचा हलवा, खेप चौथी: पडली एकदाची वडी!

काल रात्री पावणेबाराला ताटातून पहिली वडी काढली. सुरीला काही चिकटलं नाही, कडा सरळ, बोटाने दाबली तर परत वर आली. आई झोपेतून उठून आली, उभ्या उभ्याच खाल्ली आणि म्हणाली, "आजीच्या जवळपास आहे." आमच्या घरात यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

आधीच्या तीन खेपा ज्यांनी फॉलो केल्यात त्यांना माहितीये काय काय झालंय. पहिल्या वेळी पोस्टर चिकटवायची खळ, दुसऱ्या वेळी कडेने नारळाचं तेल सुटलं आणि मधे लगदा, तिसऱ्या वेळी रात्री जमलाय असं वाटलं आणि सकाळी ताटात पाण्याचं तळं. नव्याचा सण आला नऊ दिवसांवर (रोश हशाना हो, ज्यूंचं नवीन वर्ष, पण आम्हा बेने इस्रायली ज्यूंकडे नव्याचा सणच म्हणतात) आणि तिघांनी तरी मला सांगितलं की सोड ना, चायना ग्रास घाल. चायना ग्रासचा हलवा वाईट लागतो असं नाही, पण तो कटकन तुटतो, चिकाचा जरा ताणून तुटतो, सगळी मजा त्यातच आहे.

मी सगळा दोष नारळाच्या दुधाला देत होते. मटणाच्या जेवणावर गाईचं दूध चालत नाही त्यामुळे हलवा नारळाच्या दुधातलाच, तिथे तडजोड नाही. दुसऱ्या खेपेला पॅकेटमधलं वापरलं होतं म्हणून तिसऱ्याला तीन नारळ खवून काढलं, तरी तेच. शेवटी इस्रायलमध्ये अश्दोदला आत्याला फोन लावला. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "ढवळण्याचं सोड गं, चीक धुतलास का?"

धुवायचा असतो??

गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, फडक्यातून गाळायचा, रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतायचं, एवढं मला पाठ होतं. पण पाणी ओतताना नीट बघितलंच नव्हतं. यावेळी काचेच्या बरणीत ठेवला तर सरळ तीन मजले दिसले: वर पिवळट पाणी, मग खाकी बुळबुळीत थर, आणि तळाला पांढराशुभ्र, चुन्यासारखा घट्ट, चमचा घुसेना असा. मी इतके दिवस तो खाकी थर पांढऱ्यात ढवळून टाकत होते! तो सगळा चिवट भाग आणि बारीक कोंडा, त्यात या दमट हवेत गहू दुसऱ्याच दिवशी आंबूस होतो, आणि आंबट चीक तासभर शिजवला की घट्ट व्हायच्या ऐवजी सैल पडतो. म्हणून आता खाकी थर चमच्याने खरवडून काढला, ताजं पाणी घालून ढवळलं, चार तास निवळू दिलं, परत तेच. दोन वाट्यांचा चीक सव्वा वाटीवर आला, जीव तुटला, पण खाकीची मिरची-कोथिंबीर घालून धिरडी केली, ती मात्र मस्त झाली.

प्रमाण: एक वाटी घट्ट चीक, चार वाट्या नारळाचं दूध, दीड वाटी साखर. साखर चीक पारदर्शक दिसायला लागल्यावरच, आधी घातली तर चीक शिजायला फार वेळ लावतो. साखर पडली की सगळं परत पातळ होतं, घाबरू नका. मग वेलची, जायफळ, थोडा गुलाबी रंग, वरून बदाम-पिस्ते. नॉनस्टिकमध्ये करू नका, मला तरी जाड बुडाच्या पितळी कल्हईच्या पातेल्यातच तळाचा अंदाज येतो. गव्हाचं म्हणाल तर ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या एकाने मला जुना किडका माल गळ्यात मारला होता, त्यातून चीकच सुटेना. दात लावून बघून घ्या.

किद्दुशचं (सणाच्या जेवणाआधीच्या आशीर्वादाचं) काळ्या मनुकांचं सरबत पण झालंय, एक थेंब साखर न घालता. छान गडद आलंय.

आता हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं. हा सण दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे गहू आंबण्याच्याच दिवसांत. मग आजी काय करायची? तिच्या डब्यात पांढरी ढेकळं असायची, मी आरारूट समजायचे. तो वाळवलेला चीक होता बहुतेक! कुरडयांच्या दिवसांत, मे महिन्यात काढून कडक उन्हात वाळवलेला. आणि मे का तर पेसाह, म्हणजे आजीच्या भाषेत अणशी ढाकाचा सण, मार्च-एप्रिलमध्ये होऊन गेलेला असतो, त्या सणात घरात आंबलेलं धान्य चालत नाही, म्हणून भिजवलेला गहू त्याच्या आधी घरात ठेवून उपयोग नाही. सगळं बरोबर बसतंय. तर नव्याच्या सणापाठोपाठ येणाऱ्या खिरीच्या सणाच्या खिरीवर लिहिणार होते ते राहू दे, पुढच्या मे मध्ये पाच किलो गहू आणि गच्ची. कोणी वाळवलेला चीक वापरलाय का? भिजवताना पाणी किती घ्यायचं?

पाचवं पातेलं गॅसवर आहे, शेजाऱ्यांच्या ताटांसाठी. आईला ढवळायला बसवलंय आणि ती आतून ओरडतेय की तळाला लागलं तर मला विचारायचं नाही.