गॅस संपत नाही, गळतो

"गॅस संपला नाहीये, गळालाय. एसीचा गॅस काय पेट्रोलसारखा जळतो?"

बॉनेटमध्ये डोकं घालूनच मेकॅनिक बोलला. दिवसभर तेच डोक्यात घोळतंय. जुनी गाडी म्हटली की दर उन्हाळ्यात गॅस भरायचा, हे आपण धरूनच चालतो. आधीचा गेला कुठे, हे कोण विचारतं?

त्याने कॉम्प्रेसरच्या पुलीमागे बोट फिरवून दाखवलं. चिकट तेल, त्यावर धूळ बसून झालेला काळा लगदा. गॅसबरोबर थोडं तेलही फिरत असतं. गॅस निसटतो तिथे बरेचदा ते असा डाग सोडून जातं. एसी महिनोन्महिने बंद राहिला तर तिथलं सील कोरडं पडतं. म्हणून थंडीतही अधूनमधून दहा मिनिटं तो चालवायचा. (काचेवरचं धुकंही झटकन जातं, हा वरचा फायदा.)

हीटर बिचारा साधा. इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवावर, म्हणजे गरम झालेल्या कूलंटवर चालतो, त्याला गॅस लागतच नाही.

पूर्वी गाड्यांत आर-१२ गॅस असायचा. ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हळूहळू हद्दपार झाला आणि आर-१३४ए आला. हा ओझोनला त्रास देत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी. म्हणजे दर वर्षी भरलेला गॅस आपण सरळ हवेतच सोडतोय की!

तुमच्या गाडीत शेवटचा गॅस भरला, तेव्हा गळती कुणी शोधली होती का?