क्रूस पुढे, मी मागे

यंदा क्रूस आपल्या खांद्यावर येणार, हे मी राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ लागला तेव्हापासून, धरूनच चाललो होतो. अकरा वर्षे ही क्रूसाची वाट, येशूच्या क्रूसयात्रेची चौदा स्थानके घेत रात्रभर पायी, चालतोय, एकदाही चुकवली नाही. यादी लागली तेव्हा चष्मा पुसून वरून खाली वाचत गेलो. पहिले स्थानक तरुण मंडळ, दुसरे महिला मंडळ, तिसरे कॉयर… आणि सगळ्यात खाली, स्थानकांची रेघ मारून झाल्यावर, माझे नाव: ‘शेवटचा माणूस व कचरा’.

म्हणजे चमकणारे जाकीट घालायचे, हातात लाल टॉर्च घ्यायचा, रांगेच्या मागे कोणी राहू द्यायचे नाही आणि लोकांनी टाकलेले पाण्याचे कागदी ग्लास पोत्यात भरत यायचे. नाही म्हणता येत नव्हते. प्रायश्चित्तकाळ, त्यात नाही म्हणायचे कसे!

माझ्या प्रायश्चित्ताबद्दलही सांगून टाकतो. चाळीस दिवस दारू बंद, हा माझा नेम. पण राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस भरतात 46. मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत, म्हणून चाळीस. हे गणित मला तोंडपाठ आहे आणि त्याचा फायदा मी दर रविवारी संध्याकाळी घेत आलो आहे. शुक्रवारचेही तसेच. मटण वर्ज्य, मासळीला हरकत नाही, आणि आम्ही पडलो वसईकर. शुक्रवारी ताटात तळलेले पापलेट घेऊन बसायचे आणि वर त्याला उपास म्हणायचे! नियमात सगळे बसते.

आमची ही पायी क्रूसाची वाट झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधी गुरुवारी रात्री निघते. नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चपासून वसईच्या किल्ल्यातल्या संत गोन्सालो गार्सियाच्या चर्चपर्यंत. वसईत वाटेवर क्रूसांना तोटा नाही. नाक्यावर, वाडीच्या तोंडाशी, विहिरीशेजारी, कुठेही चुन्याने रंगवलेला क्रूस उभा असतो. त्यातले चौदा ठरवून घेतले आहेत. तिथे थांबायचे, प्रार्थना म्हणायची, गुडघे टेकायचे, गीत म्हणत पुढे. मधल्या वाटेत मौन, निदान कागदावर तरी.

साडेअकराला निघालो. पुढे आंब्याच्या लाकडाचा क्रूस, त्यामागे स्पीकर बांधलेली हातगाडी, मग दीड-दोनशे माणसे, मग मी. पहिल्या अर्ध्या तासातच कळले की मागून क्रूस दिसतच नाही. पाठी दिसतात. निर्मळपर्यंत मी फक्त पाठी, पिशव्या आणि टाचा पाहिल्या. निर्मळच्या तळ्यापाशी एका घरातल्या माणसाने ओट्यावर पाण्याचा जार आणि ग्लासांची चळत ठेवली होती; दारावर आंब्याच्या पानांचे तोरण, आत देव्हाऱ्यातला दिवा. तो दरवर्षी ठेवतो. अकरा वर्षे मी ते पाणी पिऊन पुढे गेलो होतो. या खेपेला पहिल्यांदाच त्याच्या अंगणातले ग्लास वेचले, तेव्हा तोही खाली वाकून वेचू लागला. ‘राहू द्या हो,’ म्हटले. तो म्हणाला, ‘रोज सकाळी मीच झाडतो की.’

भुईगावच्या अलीकडे मावशी भेटल्या. भेटल्या कसल्या, त्या चालेचनात म्हणून रांग त्यांच्यापासून सुटत गेली आणि त्या माझ्या वाट्याला आल्या. लाल लुगडे, खांद्याला कापडी पिशवी, एका चपलेचा अंगठा तुटलेला. पोत्याच्या तोंडाची सुतळी सोडून मी चप्पल पायाला बांधून दिली. तेव्हापासून पोते हाताने आवळून धरावे लागले.

‘मावशी, टेम्पोत बसा. पुढच्या नाक्यावर उभा आहे.’

‘टेम्पोत बसायचं तर घरी निजले असते.’

वय विचारले. बहात्तर. मी माझे ज्ञान पाजळले, की एकोणसाठीनंतर उपासाचेही बंधन नाही. त्यांनी ऐकले न ऐकले. वाटेतल्या प्रत्येक क्रूसापाशी त्या थांबायच्या, ठरलेल्या चौदांपैकी असो वा नसो. पायथ्याला हात लावायचा, तो कपाळाला, मग पुढे. एका बावखलाच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठी जुना क्रूस आहे, गवतात अर्धा बुडालेला. इतकी वर्षे मला तो माहीतच नव्हता. टॉर्चच्या लाल उजेडात त्यांनी त्याच्याभोवतीचे गवत उपटले, चांगले पाच मिनिटे. पुढचा स्पीकर तोवर ऐकू येईनासा झाला.

मी वैतागलो होतो, खोटे कशाला सांगू. पाचवे स्थानक आमच्याशिवायच झाले. वाऱ्यावर अर्धेमुर्धे शब्द आले तेवढेच. शिमोन कुरेनेकराचे स्थानक ते. शेतावरून येत होता बिचारा, त्याला वेठीस धरले आणि क्रूस वाहायला लावला. दरवर्षी त्या स्थानकाला मला तो मोठा भाग्यवान वाटायचा. या वेळी पहिल्यांदा मनात आले, की त्या माणसाला त्या क्षणी घरी जायचे असणार. भूक लागली असणार. आणि चालताना त्याच्या तोंडून काय काय निघाले असेल, ते लिहून ठेवलेले नाही, हे बरेच झाले.

गिरीजच्या चढावर मावशी बसल्या. पिशवीतून सुकेळ्यांचा, वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा काढला, एक मला दिले. मौन तर कधीच मोडले होते. बोलता बोलता त्यांनी झावळीची गोष्ट सांगितली.

झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झावळी मिळते, ती घरोघर येशूच्या तसबिरीमागे खोचून ठेवतात. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवाराआधी त्या वाळक्या झावळ्या चर्चमध्ये नेऊन द्यायच्या. त्या जाळून जी राख होते, तीच कपाळाला लागते. मावशींचे यजमान गेले त्या वर्षीची झावळी त्यांनी दिली नव्हती. ती यजमानांनी आपल्या हाताने खोचलेली. त्यानंतर तीन वर्षे नव्या झावळ्या आल्या, जाळायला गेल्या, ही मात्र तसबिरीमागेच. धूळ बसली, पाने गळू लागली, सून दरवर्षी विचारायची.

‘यंदा दिली,’ त्या म्हणाल्या. ‘फादरांनी कपाळाला राख लावली तेव्हा म्हटलं, ह्यात तीही असंल. सगळ्यांच्या कपाळावर थोडी थोडी.’

मी काही बोललो नाही. त्या बुधवारी रांगेत मीही होतो. फादर ‘माती आहेस, मातीला मिळशील’ म्हणत असताना मी यादी कधी लागणार याचा विचार करत होतो. घरी जाऊन आरशात राख नीट दिसते का, तेही पाहिले होते.

सांडोर ओलांडले, पापडी आली, पारनाक्यावर दूधवाले दिसू लागले. पोते भरले होते आणि हात भरून आले होते. पश्चात्ताप हा शब्द आम्ही इतका घोकतो, की त्यात ‘पश्चात’ आहे हे कधी कानाला लागलेच नव्हते. मागून येतो तो ताप. वेळेवर कधी येतच नाही.

किल्ल्यात शिरताना उजाडत होते. दोन्ही बाजूंना छपरे गेलेली चर्चे, भिंतींतून उगवलेली झाडे. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. आज ते पडके अवशेष पाहायला लोक येतात, आम्ही मात्र आजही नांदत्या असलेल्या चर्चसाठी जातो. गोन्सालो इथला, वसईचा. आधी व्यापारी, पुढे फ्रान्सिस्कन ब्रदर आणि जपानात मिशनऱ्यांचा दुभाषी. तिथे त्याच्यासह सव्वीस जणांना भर थंडीत जवळजवळ महिनाभर चालवत नागासाकीला नेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी क्रूसावर मारले. 1862 मध्ये तो संत झाला. सव्वीस जणांच्या त्या रांगेत शेवटी कोण चालत होते, हा प्रश्न मला आजवर कधी पडला नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा चौदावे स्थानक उरकले होते. आत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुरू, बाहेर पोह्यांची पातेली उघडलेली. मावशी पायातली सुतळी सोडून, ती माझ्या हातात देऊन, अनवाणीच आत गेल्या. मी पोत्याचे तोंड बांधले आणि टेकायला जागा शोधली. क्रूस भिंतीला टेकवून ठेवला होता, एकटाच. बुंधा डांबरावर घासून पांढरा पडला होता.

टेम्पोवाल्या पोराने हाक मारली, ‘अंकल, मिस्सा संपायच्या आत हा चढवून घेऊ, नंतर गर्दी होते.’

मी खांदा दिला. वाटले होते त्यापेक्षा जड होता. वीस-बावीस पावले असतील. फळीवर ठेवताना एक टोक पोत्यावर आले, आतले ग्लास करकरले.

‘पोतं आधी काढा हो,’ पोरगा म्हणाला, ‘आणि असा आडवा नको, तिरका लावा. दार लागत नाही.’