इरिया ते सांतियागो: पीठ ज्या वाटेने गेले

पोर्तुगालच्या बाजूने मिन्यो नदी ओलांडून तुईला आलो, की स्पेनच्या गॅलिसियातील, सांतियागो दे कोंपोस्तेला (थोडक्यात सांतियागो किंवा कोंपोस्तेला) या तीर्थनगराकडची पायी वारी सुरू होते. येथील तुई-विगो हा सांतियागो महाधर्मप्रांताशी (आर्चबिशपांच्या क्षेत्राशी) जोडलेल्या चार धर्मप्रांतांपैकी, म्हणजे बिशपांच्या क्षेत्रांपैकी, एक. लुगो, ओरेन्से आणि मोंदोन्येदो-फेरोल हे उरलेले तीन. रेदोंदेला तुई-विगोत, तर पुढचे पोंतेवेद्रा थेट सांतियागोच्या आर्चबिशपांच्या क्षेत्रात येते.

मी वसईची. आमचा धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला, तेव्हा नव्या सीमा कशा आखल्या जातात हे आम्ही जवळून पाहिले. परंतु एका कबरीच्या ओढीने बिशपांचे पीठच, म्हणजे धर्मप्रांताचे मुख्य ठाणेच, जागा सोडून जाते, हे मला पाद्रोनच्या मुक्कामी उमगले.

पाद्रोनलगतचे इरिया फ्लाविया हे मूळ पीठ. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील बिशप तेओदोमिरो यांनी रानात सापडलेली कबर प्रेषित संत याकोबाची असल्याचे मान्य केले आणि राजा दुसरा अल्फोन्सो याने तिच्यावर चर्च उभारले. ९९७ मध्ये कोर्दोबाच्या मुस्लिम राज्याचा सेनानी अल्मन्सूर याने कबरीभोवतीचे नगर उद्ध्वस्त केले, तरी भाविकांचा ओघ आटला नाही. १०९५ मध्ये पोप दुसरे अर्बन यांनी पीठ अधिकृतपणे कोंपोस्तेलाला हलवून थेट रोमच्या अधीन ठेवले. ११२० मध्ये पोप दुसरे कालिक्स्तुस यांनी, तेव्हा मुस्लिम अंमलाखाली असलेल्या मेरिदा या जुन्या महाधर्मप्रांताचे अधिकार देऊन, त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा दिला. हा दर्जा मिळवणारे कोंपोस्तेलाचे बिशप दिएगो हेल्मिरेस यांनी ११०२ मध्ये आजच्या पोर्तुगालमधील ब्रागाहून संत फ्रुक्तुओसो यांचे अवशेष गुपचूप उचलून, तुईमार्गेच, कोंपोस्तेलाला नेले होते. त्यांच्या कर्तबगारीविषयी आदर असूनही ही कृती मला समर्थनीय वाटत नाही; ते अवशेष १९६६ मध्ये ब्रागाला परत मिळाले, हे योग्यच झाले.

पाद्रोन ते सांतियागो हे सुमारे २५ किलोमीटर म्हणजे पीठाच्या स्थलांतराचीच वाट. कॅथेड्रलच्या धर्मगुरुमंडळाच्या यात्रेकरू कार्यालयात माझ्या यात्रा-पुस्तिकेवरील वाटेतले शिक्के तपासून मला वारी पूर्ण केल्याचे लॅटिनमधील प्रमाणपत्र मिळाले. मला मात्र ओढ होती ती तेओदोमिरो यांच्या थडग्यावरील शिळेची. ते खरोखर होऊन गेले का, अशी शंका घेतली जात असे. १९५५ मध्ये कॅथेड्रलखालील उत्खननात ८४७ हे मृत्युवर्ष कोरलेली त्यांची शिळा सापडली. इरियाच्या बिशपांना स्वतःच्या पीठात नव्हे, तर या कबरीजवळ पुरले गेले, म्हणजे पोपच्या आदेशाच्या जवळजवळ अडीचशे वर्षे आधीच पीठाने इकडे यायला सुरुवात केली होती.