लोंगेवालाला निघा पहाटेच

जैसलमेरहून पहाटे साडेपाचला गाडी काढली. लवकर निघायचा हट्ट माझाच. ५ डिसेंबर १९७१ ला, पाकिस्तानशी झालेल्या युद्धात, लोंगेवालाच्या ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाब या पलटणीची त्यांची कंपनी ज्या उजेडाची वाट बघत होती, तो या वाळवंटात कसा येतो ते मला बघायचं होतं.

समोर पाकिस्तानी रणगाडे, ठाण्यावर शे-सव्वाशे जवान, आणि जैसलमेरच्या तळावरच्या हंटर विमानांना रात्री लढण्याची सोयच नव्हती. म्हणजे उजाडेपर्यंत जवानांनी एकट्यानेच तग धरायचा. रामगड मागे पडल्यावर आमच्या पाठीशी आभाळ राखाडी झालं. आधी रस्त्याकडेची झुडपं वेगळी दिसू लागली, मग लांबच्या टेकड्यांची कड. सगळं नीट दिसायला अर्धा तास तरी लागला. गाडीत हीटर लावून बसलेल्या मलाही तो लांब वाटला. हंटर आली ती याच दिशेने, जैसलमेरकडून.

लोंगेवाला जैसलमेरपासून साधारण १२० किलोमीटर. रस्ता उत्तम आहे. पेट्रोल आणि नाश्ता रामगडलाच उरकून घ्या, पुढे भरवसा नाही. मोबाइलची रेंजही जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. मूळ ओळखपत्र जवळ हवंच.

स्मारकात पाकिस्तानी रणगाडे आहेत, खंदक आहेत, रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या, रणगाडे फोडणाऱ्या) तोफेची जीप आहे, माहितीपटही दाखवतात. बहुतेक लोक रणगाड्यापाशी फोटो काढून निघतात. तुम्ही थोडं थांबा. त्या सकाळी विमानातून टिपलेला एक प्रसिद्ध फोटो आहे, तो घरूनच फोनमध्ये घेऊन जा. वाळूत रणगाड्यांच्या पट्ट्यांचे माग गोल गोल फिरलेले, एकमेकांत गुंतलेले दिसतात. वरून रॉकेटं येत होती आणि रणगाडे जागच्या जागी गिरक्या घेत होते. मऊ वाळूत वेग नाही, आडोसा नाही, डोक्यावर स्वतःच्या हवाई दलाचं छत्र नाही. तो फोटो हातात धरून समोरचं उघडं मैदान बघितलं, तेव्हा मला ही लढाई खरी कळली. ‘कृषक’ नावाची लष्कराची छोटी टेहळणी विमानं वर घिरट्या घालत हंटरना लक्ष्य दाखवत होती. त्या वैमानिकांची आठवण फारशी कुणी काढत नाही याचं मला वाईट वाटतं.

पुढे तनोट मातेचं देऊळ सुमारे ४० किलोमीटरवर. १९६५ मधले न फुटलेले बॉम्ब तिथे ठेवलेत. देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाचे जवान बघतात. जाऊन याच. थेट सीमेवर जायचं असेल तर परवानगीची चौकशी आदल्या दिवशीच करा.

परतल्यावर जोधपूर रस्त्यावरचं जैसलमेर युद्ध संग्रहालय चुकवू नका. काहीजण आधी ते बघतात. माझ्या मते ते नंतरच बघावं. आवारात हंटर उभं आहे. मी वाकून नाकाखाली बघितलं. तीस मिलिमीटरच्या चार तोफांची जागा तिथे, पोटाशी. माझी आई १९७१ मध्ये मुंबईत होती, ब्लॅकआउटमध्ये खिडक्यांना काळा कागद लावून बसलेली. तिला तिथूनच फोन केला आणि विमानाचा रंग सांगितला.