रजिस्टर हललेली लक्ष्मी

रविवार, रात्रीचे पावणेबारा

पाय भरून आलेत आणि झोप काय येत नाहीये, म्हणून लिहून टाकतो, उद्या बँकेत काउंटरला बसलं की सगळं पुसलं जाणार. आज साताऱ्याकडच्या औंधला जाऊन आलो, तिथलं चित्रांचं म्युझियम बघायला. तीन वर्षं नुसतं "एकदा जाऊया लगा" चाललेलं, दर वेळी कुणाचं तरी लग्न नाहीतर कुणाची तरी बागेची छाटणी आडवी यायची. शेवटी आज सकाळी सात वाजता आम्ही चौघं निघालो. ड्रॉइंगचे सर (आमच्यापेक्षा मोठे, त्यांना अजून सरच म्हणतो), आमची पोस्टमास्तरीण, प्रेसवाला आणि मी. गाडी प्रेसवाल्याची, त्यामुळे डिकीत फ्लेक्सचे रोल आणि गाडीभर शाईचा वास, त्यात मागे बसून भडंग खायचं.

पलूसच्या पुढे किर्लोस्करवाडीचा फाटा दिसला आणि सरांचं सुरू झालं. म्हणाले, हा कारखाना उभा राहिला त्यालासुद्धा चित्रकलाच कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेलेले, तिथं कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. मग पेंटिंग सोडून मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले, नांगर केले, आणि १९१० ला औंधच्या राजानं दिलेल्या माळावर ही वाडी वसवली. मी हे ऐकून होतो पण प्रेसवाल्याला माहीतच नव्हतं. तो स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाला, "म्हणजे माझ्याकडं कामाला असलेलं पोरगं पण कारखाना काढणार एक दिवस, मजेंटा आणि लाल यातला फरक अजून कळत नाही त्याला." कडेगाव येईपर्यंत हसत होतो.

औंधचं म्युझियम गावात नाही, यमाईच्या डोंगरावर जाताना अर्ध्या वाटेत आहे. १९३८ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी काढलं, भवानी संग्रहालय. हा राजा स्वतः चित्रं काढायचा, कीर्तन करायचा आणि सगळ्या संस्थानाला सूर्यनमस्कार घालायला लावायचा. एवढ्याशा संस्थानाच्या राजानं शिकारीच्या ट्रॉफ्या आणि मोटारी जमवायच्या सोडून चित्रं जमवली याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं. वेदांचे पंडित सातवळेकर, तेही मूळचे चित्रकारच, ते औंधलाच येऊन राहिलेले. गाव केवढं आणि माणसं केवढी!

आत गेल्यावर आमचं एकत्र बघणं दहा मिनिटंच टिकलं. सर प्रत्येक चित्रापुढे हात मागे बांधून उभे, पोस्टमास्तरीण पाट्या वाचत वाचत पुढे, आणि प्रेसवाला कुठलंही चित्र आधी लांबून बघायचा नाही. तो सरळ जवळ जाऊन, मान वाकडी करून, तिरपा उजेड धरून बघतो. राखणदाराला वाटलं हा काहीतरी खरवडणार, दोनदा मागे येऊन उभा राहिला.

रवि वर्म्याच्या 'सैरंध्री'पुढे मात्र सगळे जमलो. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, सुदेष्णा तिला मुद्दाम कीचकाकडे मद्य आणायला पाठवते, तो प्रसंग. आम्ही बराच वेळ गप्प होतो. मग पोस्टमास्तरीण म्हणाली, "हिला माहितीये आपल्याला का पाठवतायत ते. आणि पाठवणारी पण बाईच आहे." कुणी काही बोललं नाही त्यावर. थोड्या वेळानं सर हळूच म्हणाले की याच कथेवर आपल्या सांगलीच्या खाडिलकरांनी 'कीचकवध' लिहिलं, १९०७ ला, लोकांनी कीचकात व्हाइसरॉय कर्झन बघितला आणि १९१० ला सरकारनं नाटकावर बंदीच घातली. मी मनात हिशोब केला, रवि वर्मा गेला १९०६ ला, म्हणजे हे चित्र नाटकाच्या आधीचं. चित्रातल्या द्रौपदीत कुणाला भारतमाता दिसली नाही म्हणून बंदी आली नाही, की चित्र राजवाड्यात टांगलेलं असतं आणि नाटकाला पिटात हजार माणूस शिट्ट्या मारायला बसलेला असतो म्हणून? हे मी बोललो नाही, आत्ता सुचतंय. तेव्हा सुचलं असतं तर सरांपुढे जरा भाव खाल्ला असता.

हेन्री मूरचं 'आई आणि मूल' पण तिथंच आहे. इंग्लंडमधल्या खाणकामगाराच्या पोरानं घडवलेला दगड आपल्या खटाव तालुक्यात येऊन बसलाय. मला खरं सांगायचं तर त्यातलं फार कळत नाही, सर समजावत होते आकार, पोकळी वगैरे, मी मान हलवली. पोस्टमास्तरीण म्हणाली कडेवर पोर घेऊन पाच मिनिटं उभं राहा, आपोआप कळेल. विषय संपला.

खरी मजा बाहेर आल्यावर, चहाच्या टपरीवर. सर म्हणाले आपल्या डोक्यातली लक्ष्मी, सरस्वती हे सगळे चेहरे रवि वर्म्यानं घातलेत, देवींना साड्या त्यानंच नेसवल्या. यावर पोस्टमास्तरीण उसळलीच. "अहो सर, वर डोंगरावर यमाईला पुजारी रोज साडी नेसवतो, दागिने घालतो, ते काय रवि वर्म्याला विचारून? आमच्या आज्या-पणज्यांनी देवी लुगड्यातच बघितली. त्यानं आपलं बघून काढलं." सर गडबडले. मग म्हणाले बरं, साडीचं सोड, पण चेहरा? देवळातल्या पाषाणाचे डोळे आपल्यापलीकडे कुठंतरी बघतात, ह्याच्या देवी शेजारच्या वहिनीसारख्या आपल्याकडे बघतात. हे मला पटलं. तिला अर्धंच पटलं.

मग चित्र घराघरात गेलं कसं यावर गाडी आली. सरांनी सांगितलं की टी. माधवराव, तंजावरच्या मराठी घरातला माणूस, त्रावणकोर आणि बडोद्याचा दिवाण, त्यानं १८८४ मध्येच रवि वर्म्याला लिहिलेलं की तुझ्या चित्रांना एवढी मागणी आहे, युरोपात पाठवून छापून घे. पुढे १८९४ ला मुंबईत स्वतःचा प्रेसच निघाला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि शेवटी तिथल्याच श्लायशर नावाच्या जर्मन माणसानं विकत घेतला. मग सर दगडावरच्या छपाईचं सांगायला लागले, दगडावर चरबीच्या शाईनं चित्र काढतात, मग... आणि अडकले. तिथून पुढं प्रेसवाल्यानं ताबा घेतला.

"दगड ओला करायचा. चरबी पाणी घेत नाही, बाकीचा दगड घेतो. वरून तेलाच्या शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रालाच चिकटती. ऑफसेटला आम्ही आज दुसरं काय करतोय? प्लेटला पाणी, प्लेटला शाई. पाणी जास्त झालं की जॉब फिका, कमी झालं की सगळी घाण." आणि एकेका रंगाला वेगळा दगड, कागद तेवढ्या वेळा फिरवायचा, प्रत्येक वेळी जागच्या जागी बसला पाहिजे, त्यालाच हे लोक रजिस्टर म्हणतात. शेवटी वरून वार्निश, म्हणजे लांबून तैलचित्र वाटतंय. चहा गार झाला त्याचा. आम्ही वीस वर्षं ह्याला लग्नपत्रिकावाला म्हणून चिडवतोय आणि हा बाबा आज सरांना शिकवत होता. सरांनी पण मोठ्या मनानं खिशातली वही काढून लिहून घेतलं.

येताना दिवाळी अंकांवर गप्पा. माझ्या बाबांनी दलालांची आणि मुळगावकरांची मुखपृष्ठं कापून ट्रंकेत ठेवलेली, आई त्यावरून अजून टोमणे मारते. दीनानाथ दलालांचा 'दीपावली' १९४५ पासूनचा, आमच्याकडे त्याचे मधलेच कुठले तरी अंक, मुखपृष्ठ नसलेले, म्हणजे मुंडकं उडवल्यासारखे.

विटा गेल्यावर अंधार पडला आणि प्रेसवाला अचानक बोलायला लागला. सांगलीच्या गावभागातल्या त्यांच्या जुन्या घरी देवघराच्या वर एक लक्ष्मी होती, फ्रेममधली, आजीच्या सासूनं तिच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या. लहानपणी त्याला वाटायचं टिकल्या छापूनच आल्यात. २०१९ च्या पुरात घर आठवडाभर पाण्यात. पाणी उतरल्यावर गाळ काढताना फ्रेम सापडली. कागदाचा लगदा झालेला, पण टिकल्या आतून काचेला तशाच चिकटून, साडीच्या आकारात. बाई नाही, नुसती साडी. आजीनं ती काच फेकू दिली नाही बरेच दिवस. नंतर कुणीतरी फेकली, कुणी ते घरात कुणी सांगत नाही.

तासगाव येईपर्यंत गाडीत रेडिओ पण नाही लावला कुणी.

आत्ता साडेअकराला ग्रुपवर त्याचा फोटो आला. बहिणीच्या जुन्या मोबाईलमध्ये सापडला म्हणे, भाच्याच्या बारशाचा, २०१६ चा. पुढे सगळी पाव्हणी, पाळणा, आणि मागे भिंतीवर, अर्धी फ्लॅशनं उजळलेली ती लक्ष्मी. त्यानं फोटोवर लाल गोल काढलाय ओठांभोवती आणि खाली लिहिलंय, "रजिस्टर हललाय बघा. लाल केसभर उजवीकडं." मी झूम केलं. खरंच, ओठांचा लाल ओठांच्या जरासा बाहेर. सरांनी लगेच अंगठा दिला, पोस्टमास्तरीण झोपली असणार.

तो अजून टाइप करतोय.